स्वस्तातला सिंगल कॉइल आरटीए वापरून बघताय? आधी कापूस नीट जमवा

व्हेपचा स्वस्तातला रिबिल्डेबल, म्हणजे तार आणि कापूस आपणच बसवायची टाकी, घेतला की पहिल्या दिवशी बहुतेकांचं एकच होतं. कॉइल बसवली, कापूस कोंबला, टाकी भरली, दोन झुरके झकास लागले आणि तिसऱ्याला घशात नुसता करपलेला कापूस, नाहीतर रात्री टेबलावर ठेवला आणि सकाळी बघतो तर खाली लिक्विडचं डबकं. मग ठरवून टाकतात की वस्तूच भंगार, महागातला घेतला असता तर बरं झालं असतं. मला हे अजिबात पटत नाही. मी स्वस्त आणि महाग दोन्ही वापरलेत आणि माझं ठाम मत आहे की साधी सिंगल कॉइलची टाकी असेल तर चवीचा आणि गळतीचा निकाल कापूस लावतो, त्याच्या खालोखाल कॉइलची उंची, आणि नाव कुठल्या कंपनीचं कोरलंय ते फार नंतर येतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाचा चांगला चालणारा पीस पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात जायला नको.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं सज्ञान लोकांसाठी आहे, आणि त्यातही जे आधीपासून सिगारेट ओढतात किंवा व्हेप करतात त्यांच्यासाठी. ज्याला निकोटिनची सवयच नाही त्याने यात पडू नये, हे मी मनापासून सांगतोय. आणि बऱ्याच देशांत व्हेपवर बंदी किंवा कडक नियम आहेत, तेव्हा आपण राहतो तिथला कायदा आधी बघा, मग पुढचं.

आता ही वस्तू आत चालते कशी ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचे निम्मे प्रॉब्लेम आपोआप सुटतात. खाली धातूचा बेस, त्यावर डेक, डेकवर तार पकडायचे दोन पोस्ट, एक प्लस एक मायनस. मध्ये तुम्ही गुंडाळलेली तार, तारेच्या पोटातून गेलेला कापूस, कापसाची दोन्ही टोकं खाली खाचांमध्ये, आणि या सगळ्याच्या बाहेरून लिक्विडने भरलेली काचेची टाकी. तार तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते, खालून येणारी हवा ती वाफ वर घेऊन जाते आणि कापूस टाकीतून परत लिक्विड ओढून घेतो, दिव्याची वात तेल ओढते तसंच. याला आरटीए, म्हणजे रिबिल्डेबल टँक ॲटोमायझर, म्हणतात. टाकी नसेल आणि वरून थेंब थेंब टाकायचं असेल तर तो आरडीए, त्याचं तंत्र सोपं आहे, पण दर चार झुरक्यांनी थेंब टाकत बसायला लागतं.

मग लिक्विड खाली वाहून का जात नाही? टाकीच्या वरच्या भागात, लिक्विडच्या डोक्यावर, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो आणि तोच लिक्विडला धरून ठेवतो. पाण्याचा ग्लास पुठ्ठा लावून उलटा धरला की पाणी पडत नाही ना, तसलाच प्रकार. आणि इथे पुठ्ठ्याचं काम कापूस करतो. झुरका मारला की थोडं लिक्विड आत येतं, त्याच्या जागी एखादा बुडबुडा टाकीत वर चढतो, हिशोब परत बरोबर. कापूस विरळ असेल तर हवा वाटेल तेव्हा आत शिरते, दाब मोडतो आणि लिक्विड खाली. कापूस गच्च असेल तर लिक्विड आतच येत नाही आणि कोरडा कापूस जळतो. म्हणजे गळणं आणि करपणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत आणि आपल्याला मधली जागा शोधायची आहे, बस्स.

डबा उघडल्यावर

लगेच कॉइल बसवायला जाऊ नका. स्वस्तातल्या वस्तूत कारखान्यातलं मशीनचं तेल बऱ्याचदा आट्यांमध्ये राहिलेलं असतं, बोट फिरवलं की काळसर लागतं. सगळं खोला, अगदी ओ-रिंगसुद्धा (रबराच्या कड्या) काढा, कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन जुन्या टूथब्रशने आटे नीट घासा, दोन पाण्यातून काढा आणि पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, पोस्टच्या भोकात पाणी राहतं ते फुंकर मारून काढा.

धुताना सगळं नजरेखालून घाला. पोस्टच्या भोकाच्या कडेला धातूचा बारीक धस राहिलाय का बघा, तो तारही कापतो आणि ओ-रिंगही, बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढता येतो. स्क्रू चारी-दोन्ही जे असतील ते पूर्ण बाहेर काढून परत हाताने लावून बघा, सरळ जातायत का अडखळतायत. स्वस्तात कंपनी पैसे वाचवते ते बहुतेक स्क्रूमध्ये, मऊ असतात, जोर लावला की खाच गोल होऊन जाते आणि मग तो स्क्रू ना आत ना बाहेर. म्हणून सोबतच्या पिशवीतले जादा स्क्रू, ओ-रिंगा, जादाची काच हे सगळं एका डबीत जपून ठेवा, ते फेकून देणारे लोक मी बघितलेत. काचेवरून आठवलं, युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखूविषयक नियमांत टाकीला २ मिलिलिटरची मर्यादा आहे, म्हणून तोच मॉडेल कुठे २ मिलीचा आणि कुठे मोठ्या टाकीचा मिळतो, खोटा माल आला असं समजून घाबरू नका.

मॉडवर, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेल्या डब्यावर, फिरवून लावायचा खालचा जोड म्हणजे ५१०, यातला मधला पिन थोडा बाहेर आलेला आणि घट्ट असला पाहिजे. त्याच्याभोवती प्लॅस्टिकसारखं इन्सुलेटर असतं, ते प्लसला बाकीच्या धातूपासून वेगळं ठेवतं. त्याची टेस्ट एकदम सोपी आहे, कॉइल न बसवता नुसता बेस मॉडवर लावा, मॉडने ॲटोमायझर (म्हणजे ही टाकी) नाही असं दाखवलं पाहिजे. काहीही ओहम दाखवले किंवा शॉर्ट म्हणाला तर इन्सुलेटर गंडलंय किंवा कुठेतरी धातूचा कीस अडकलाय. साफ करून परत बघा आणि तरीही तेच आलं तर वस्तू परत करा, यावर कॉइल बसवण्यात अर्थ नाही.

मॉड आणि बॅटरी, इथे काटकसर नको

ॲटोमायझर स्वस्त चालेल, बॅटरी स्वस्त चालणार नाही. स्वतः कॉइल बनवायला लागलात की शॉर्ट होण्याची शक्यता कायम असते, म्हणून मॉड रेग्युलेटेडच हवा, ओहम दाखवणारा आणि शॉर्ट झाल्यावर स्वतःहून बंद होणारा. मेकॅनिकल मॉड, ज्यात सर्किटच नसतं, तो शिकताना हातात घेऊ नका.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल, फुल्ल चार्ज ४.२ व्होल्ट. त्याच्यावर ४० अँपियर वगैरे छापलं असेल तर त्या छपाईवर विश्वास ठेवू नका, नावाजलेल्या कंपनीचा खरा २० अँपियरचा सेल आपल्या कामाला भरपूर झाला. हिशोब करून दाखवतो, आपण पुढे ०.८ ओहमची कॉइल बनवणार आहोत आणि ती २० वॅटवर चालवली तर कॉइलला ४ व्होल्ट आणि ५ अँपियर लागतात, आणि बॅटरी उतरत ३.२ व्होल्टवर आली की मॉड तेच २० वॅट काढायला बॅटरीतून सव्वासहा अँपियर ओढतो, सर्किटमध्ये वाया जातं ते धरून सात म्हणा. म्हणजे आरामात. सेलचं वरचं प्लॅस्टिक मात्र कुठे फाटलंय का दर वेळी बघा कारण सेलचा सगळा बाहेरचा डबा मायनस असतो, वरच्या प्लसच्या कडेला फाटलं आणि तिथे धातू टेकला की थेट शॉर्ट. खिशात चाव्या किंवा नाण्यांबरोबर सुटा सेल टाकणं म्हणजे सरळ आग ओढवून घेणं, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा.

तार

पहिल्या कॉइलसाठी कांथल ए-१, २६ गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे लक्षात ठेवा, २४ म्हणजे साधारण ०.५१ मिमी, २६ म्हणजे ०.४० आणि २८ म्हणजे ०.३२. कांथल हा लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, स्वीडनच्या हान्स फॉन कांत्सोव याने १९२० च्या दशकात शोधलेला, आणि आजही औद्योगिक भट्ट्यांमध्ये तापणारी तार म्हणून वापरतात, म्हणजे आपल्या वीस वॅटचं त्याला काहीच नाही. तापल्यावर त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच आतल्या तारेला सांभाळतो.

निक्रोम ८० लवकर तापते, वाकायला मऊ, ज्यांना बटण दाबल्या दाबल्या वाफ हवी त्यांना आवडते, पण त्यात ८० टक्के निकेल आहे तेव्हा निकेलची ॲलर्जी असेल तर नको. स्टेनलेस ३१६ एल वॅट मोडमध्येही चालते आणि टेम्परेचर कंट्रोलमध्येही, म्हणजे मॉड तारेचं तापमान सांभाळतो त्या पद्धतीतही. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम फक्त टेम्परेचर कंट्रोलसाठी असतात, ते लाल होईपर्यंत तापवायचे नसतात, नवीन माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. क्लॅप्टन, एलियन असल्या गुंफलेल्या तारा दिसायला भारी आणि चवही चांगली देतात पण त्यांना वॅट जास्त लागतात, लिक्विड जास्त लागतं, आणि मुख्य म्हणजे करपलं तर चूक कापसाची की तारेची ते कळत नाही. स्वस्त टाकीची परीक्षा घ्यायची असेल तर साधी गोल तारच बरी, दहा कॉइल बनवा हवं तर, पण साधीच.

गुंडाळणं

३ मिलिमीटरचा रॉड घ्या, कॉइल जिग (तार गुंडाळायचं हत्यार) असेल तर उत्तम नाहीतर ३ मिमी ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू चालते. त्याच्यावर सहा वेढे, दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटरचे पाय ठेवून. तार ताणून धरा, सैल धरली की वेढे वाकडे येतात. मी वेढ्यांमध्ये केसभर फट ठेवतो, एकमेकांना चिकटवत नाही, कारण चिकटलेल्या कॉइलमध्ये हॉट स्पॉट, म्हणजे बाकीच्यांच्या आधी पेटणारे वेढे, काढत बसावं लागतं आणि फटीच्या कॉइलमध्ये ती कटकट फार कमी.

गुंडाळायच्या आधी डेककडे एकदा नीट बघा, हे फार लोक विसरतात आणि मग पाय उलट्या बाजूला आले म्हणून तार पिळत बसतात. पूर्ण सहा वेढे घातले तर एक पाय एका दिशेला आणि दुसरा बरोबर विरुद्ध दिशेला निघतो, आणि साडेपाच किंवा साडेसहा घातले तर दोन्ही पाय एकाच दिशेला येतात. ज्या डेकला पोस्ट नाहीत, नुसती वरून भोकं आहेत, तिथे दोन्ही पाय खाली हवेत, म्हणजे अर्धा वेढा लागणार. स्क्रूच्या डोक्याखाली तार दाबायची असेल तर स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरताना तार आत ओढेल अशा बाजूने घाला, नाहीतर स्क्रू तिला बाहेर ढकलत राहतो आणि आपण चिडत राहतो.

सहा वेढ्यांची लांबी आणि पाय मिळून साधारण सव्वासात सेंटिमीटर तार लागते आणि २६ गेज कांथलचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ११ ओहम, म्हणजे आपली कॉइल ०.८ च्या आसपास यायला हवी. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेकवर बसवणं

रॉड कॉइलमध्येच ठेवून बसवा, आकार बिघडत नाही. आधी एक पाय पकडा, मग दुसरा, स्क्रू तार हलणार नाही इतकेच घट्ट, त्याच्यापुढे अर्धा पीळसुद्धा नको, एक तर तार तुटते नाहीतर स्क्रूची खाच जाते. उरलेले पाय स्क्रूला लागून कापायचे, यासाठी नेलकटरसारखं हत्यार नाही, पक्कड तिथे पोहोचतच नाही. पायाचं टोक मिलिमीटरभर जरी बाहेर राहिलं तरी वरची टोपी लावल्यावर ते तिला टेकतं आणि शॉर्ट.

मग उंची. हवा खालून येत असेल तर कॉइलचं पोट हवेच्या भोकापासून दीड ते दोन मिलिमीटर वर, बरोबर मध्ये, आणि डावी-उजवीकडे सारखी. फार खाली ठेवली तर हवा अडते आणि झुरक्याला गडगड ऐकू येते, फार वर ठेवली तर हवा कॉइलला बगल देऊन निघून जाते आणि चव पातळ लागते. माझ्या एका स्वस्त टाकीला मी महिनाभर बेचव म्हणत होतो, एक दिवस कॉइल मिलिमीटरभर खाली घेतली आणि तीच टाकी आज रोजच्या वापरात आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय कारण चव येत नाही म्हणून वस्तू बदलण्याआधी हे करून बघायला दोन मिनिटं लागतात.

रॉड काढा, मॉडवर लावा, ओहम बघा, कॉइल थंड असतानाच. ०.८ च्या आसपास आलं तर छान. बरंच कमी आलं, ०.५ वगैरे, तर एखादा वेढा पोस्टला किंवा डेकला टेकलाय. आकडा सारखा नाचत असेल तर स्क्रू सैल आहे. हे नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता १० ते १२ वॅटवर बटण एक-दोन सेकंद दाबा, सोडा, परत दाबा. दिवा थोडा मंद करा म्हणजे रंग दिसतो. मधल्या वेढ्यांपासून सुरू होऊन दोन्ही बाहेरच्या टोकांकडे लाली सारखी पसरली पाहिजे. एखादा वेढा आधीच पेटत असेल तर बटण सोडून, बेस मॉडवरून काढून, थंड झाल्यावर बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक वेढ्यांवरून हलकं फिरवा आणि परत बघा. बटण दाबलेलं असताना धातूचा चिमटा कॉइलला लावायचा नाही, त्यासाठी सिरॅमिकच्या टोकाचा चिमटा येतो. आणि पांढरी होईपर्यंत तापवत बसायचं नाही, मंद लाल दिसलं की काम झालं.

कापूस

इथे वेळ द्या. बाकी सगळं वीस मिनिटांत शिकून होतं, कापसाचा हात बसायला मला पंधरा-वीस वेळा तरी भरावा लागला असेल.

कापूस शुद्ध हवा, ब्लीच न केलेला, सुगंध किंवा लोशन न लावलेला. व्हेपसाठी पट्टीच्या रूपात मिळतो तो सगळ्यात सोपा. चेहऱ्याचे कॉटन पॅड शंभर टक्के कापसाचे असतील तर वरचा-खालचा दाबलेला थर सोलून आतला वापरता येतो. सिंथेटिक मिसळलेला अजिबात नको, तो वितळतो.

धाग्यांच्या दिशेने पट्टी फाडा, कात्रीने आडवी कापू नका. बोटांत हलकी लाटून वळी करा, न दाबता ३ मिमी रॉडपेक्षा थोडी जाड वाटली पाहिजे. एक टोक पिळून अणकुचीदार करा आणि कॉइलमधून हळू ओढा. कॉइल थंड झालीय ना बघा, घाईत गरम कॉइलमध्ये ओढला तर बोटही भाजतं आणि कापूसही. ओढताना थोडा अडला पाहिजे, कॉइल किंचित हलली तर बरोबर, कॉइल वाकली किंवा पोस्टकडे सरकली तर जास्त झाला, काहीच न अडता सुळकन निघाला तर कमी. जास्त झाला असेल तर तसाच रेटू नका, बाहेर काढून धागे कमी करून परत. पट्टीला काय किंमत असते, तिचा लोभ करण्यात अर्थ नाही.

आता शेपट्या. दोन्ही बाजूंनी सरळ आडव्या धरून डेकच्या बाहेरच्या कडेला कापा, तेवढ्या लांबीत टोक वाकवल्यावर खाचेच्या तळाशी टेकतं. मग चिमट्याने शेपट्या विंचरा, केस विंचरतो तशा, कॉइलला लागून नाही, टोकांकडून, आणि सुटे धागे काढून टाका, माझ्या अंदाजाने तिसरा हिस्सा तरी निघून जातो. कॉइलच्या आत भरगच्च आणि टोकाला मोकळा, असा कापूस हवा. शेपटी खाचेत ठेवायची, ठासायची नाही. खाच पूर्ण झाकली गेली पाहिजे, कडेला फट दिसली तर तिथून गळणार, आणि चिमट्याने दाबून दाबून बसवली तर तिथूनच करपायला सुरुवात होणार.

ठेवताना दोन थेंब लिक्विड सोडा, ओला कापूस ऐकतो. मग सगळा कापूस भिजवा, कॉइलवरही थेंब टाका आणि बघा लिक्विड किती चटकन पसरतं. एक-दोनदा बटण दाबा, सगळ्या वेढ्यांवरून सारखी वाफ निघाली पाहिजे. टोपी लावायच्या आधीची ही तपासणी चुकवू नका, बंद केल्यावर आतलं काही दिसत नाही.

माझ्या शेवटच्या स्वस्त टाकीवर मी एक प्रयोग केला, तोच तुम्हालाही सांगेन. कॉइल एकच, लिक्विड एकच, वॅट एकच, फक्त कापूस तीनदा वेगळा भरला. पहिला मुद्दाम गच्च भरलेला, विंचरलाच नाही, सलग चौथ्या झुरक्याला घसा धरला. दुसरा खूप विरळ, चव पहिल्या दिवशी अप्रतिम होती पण रात्रीत अर्धी टाकी बाहेर. तिसरा त्या दोघांच्या मधला, आणि तो आठवडाभर ना गळला ना करपला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे कळतं काय कशामुळे होतंय. कॉइल, कापूस, वॅट सगळं एकदम बदललं की नुसता गोंधळ.

लिक्विड भरणं आणि पहिले झुरके

लिक्विडमध्ये पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) पातळ, व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) घट्ट. ५०-५० असेल तर पटकन शोषलं जातं आणि विरळ कापसातून लवकर गळतं, ७० टक्के व्हीजी असेल तर खाचा मोठ्या आणि शेपट्या आणखी मोकळ्या लागतात. निकोटिनचं लिक्विड त्वचेतून आत जातं आणि पोटात गेलं तर विष आहे, सांडलं तर लगेच धुवा, आणि मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागेल अशा जागी बाटली कधीच ठेवू नका. तेलकट काहीही टाकीत घालायचं नाही, घरगुती तेल नाही, इसेन्शियल ऑइल नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या आजाराची जी लाट आली तिचा मुख्य संबंध टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशेच्या द्रव्याच्या, लिक्विडात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी, म्हणजे असल्याच तेलकट पदार्थाशी, जोडला गेला.

ओ-रिंगांना लिक्विडचं बोट लावा, मग जोडा, कोरड्या ओ-रिंगा दुमडतात आणि चिरतात. भरताना खालची, हवा कमी-जास्त करायची रिंग बंद, वरून भरा, वाफ वर येते त्या मधल्या चिमणीत जाऊ देऊ नका, थोडी जागा रिकामी ठेवा. झाकण लावताना आतली हवा दाबली जाते आणि ती लिक्विडला कापसातून खाली ढकलते, म्हणून झाकण लागलं की टाकी उलटी करा, मग हवेची रिंग उघडा, मग सरळ करा. एवढ्याशा सवयीने भरल्यानंतर होणारी बरीचशी गळती थांबते.

पाच-दहा मिनिटं थांबा. मग बटण न दाबता दोन-तीन हलके झुरके, बुडबुडा वर आला की लिक्विड चालू झालं. सुरुवात १३-१४ वॅटवर, मग एकेक वॅट वर. या कॉइलला बहुतेक १८ ते २२ च्या मध्ये कुठेतरी चव सगळ्यात भरलेली लागते, त्यापुढे वाफ गरम होते आणि चव उडायला लागते, तिथून दोन वॅट मागे यायचं. पहिले काही झुरके कापसासारखे लागतील, ते जातं. पण करपट लागलं तर तिथेच थांबा, अजून एक मारून बघू असं नको. कोरड्या कापसावर लिक्विड प्रमाणाबाहेर तापलं की फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात, घसा जो नको म्हणतो तो उगाच नाही. एकदा काळा पडलेला कापूस लिक्विड टाकून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

बाकी लक्षणं पटकन सांगतो. गुडगुड आवाज आणि तोंडात थेंब येत असतील तर कॉइलमध्ये लिक्विड साचलंय, टिश्यू गुंडाळून उलटी करून एक फुंकर मारा, परत परत होत असेल तर कापूस कमी आहे. झुरके सलग मारले तरच करपतं आणि थांबून मारले तर नाही, असं असेल तर शेपट्या थोड्या मोकळ्या करा. गळती फक्त भरल्यावर होते की पडून राहिल्यावर, हे बघा, भरल्यावर होत असेल तर भरायची पद्धत, पडून राहिल्यावर होत असेल तर कापूस किंवा ओ-रिंग.

आणि हे सगळं करूनही कधी कधी वस्तूच वाईट निघते, तेही खरं. आटे तिरके पडलेले, मधला पोस्ट स्क्रू फिरवताना स्वतःच फिरतोय, थोड्याच दिवसांत इन्सुलेटर मऊ पडलं, असं काही दिसलं तर त्याच्यामागे लागू नका, ते घरी सुधारत नाही. हवेची रिंग सैल फिरते, टोपी हातात निघून येते, आटे खरखरतात, हे मात्र ओ-रिंग बदलून किंवा परत घासून धुऊन बऱ्यापैकी जातं, त्यासाठी नावं ठेवू नका.

गोड लिक्विड असेल तर कापूस तीन-चार दिवसांत काळपट होतो, साधं असेल तर आठवडा जातो. कॉइल मात्र कित्येक आठवडे चालते. कापूस काढा, कमी वॅटवर थोडं थोडं दाबून चिकटलेला काळा थर जाळा, बेस मॉडवरून काढा, थंड होऊ द्या, पाण्याखाली ब्रशने घासा, सुकवा, ओहम परत बघा, स्क्रू एकदा तपासा कारण तापून थंड होऊन ते सैल पडतात, आणि नवा कापूस.

२६ गेजवर हात बसला आणि सिगारेटसारखा घट्ट, तोंडात घेऊन मग आत घ्यायचा झुरका हवा असेल तर पुढची कॉइल २८ गेज कांथल, २.५ मिमी रॉड, सहा वेढे, साधारण १.१ ओहम, १० ते १३ वॅट. हवेची रिंग जवळजवळ बंद, कॉइल भोकापासून मिलिमीटरभरच वर, आणि वळी आधीपेक्षा बारीक लाटा, कारण २.५ च्या पोटात जुन्या सवयीने भरलेला कापूस हमखास गच्च होतो.